न आलेला मिस्ड कॉल



"पोचलास की मिस्ड कॉल दे," असं सांगून मुलाला एसटीत बसवून दिलं नाही, अशी आई आपल्याकडे शोधूनही सापडायची नाही. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन रिंगा म्हणजे खाली उभा आहे, दार उघड. फोनचे पैसे वाचवायला आपण सगळ्यांनी मिळून ही भाषा तयार केली आणि तिचं व्याकरण कुणी कुणाला शिकवलं नाही. आज मी सांगणार आहे ते चेन्नईतल्या एका मिस्ड कॉलबद्दल. हा कॉल गोळी घेतली की द्यायचा.

मी चेन्नईत राहायला आलो तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक अक्का फुलं विकायची. अक्का हा शब्द आपला आणि तमिळ लोकांचा सामाईक, त्यामुळे भाषा येत नसली तरी हाक मारायला पहिल्या दिवसापासून अडचण आली नाही. मोगरा तिथे हातानं मोजून देतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक माप, त्याला म्हणतात मुळम. काही वर्षांपूर्वी या अक्काचा हात बारीक व्हायला लागला. मापात फरक पडला नाही, पण हात उचलला की बांगड्या सरळ कोपराकडे घसरायला लागल्या. संध्याकाळी कसकस, खोकला काही हटेना. बेडका तपासला आणि टीबी निघाला.

गोळ्या सरकारी केंद्रातून फुकट मिळाल्या. एकदा तिनं टोपलीतल्या ओल्या फडक्याखालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पाकीट काढून मला दाखवलं. गोळ्यांची नेहमीची पट्टी, पण तिला जाड छापील कागदाचं कव्हर. गोळी दाबली की ती मागच्या कागदाचा एक छोटा झाप फाडून बाहेर येते आणि त्या झापाआड लपलेला फोन नंबर दिसतो. आजचा नंबर कालचा नव्हे, आणि उद्याचा कोणता ते उद्याची गोळी काढल्याशिवाय कळत नाही. तो नंबर फिरवायचा. पैसे पडत नाहीत आणि पलीकडे माणूसही नसतो. कुणाच्या फोनवरून कोणत्या नंबरावर कॉल आला एवढं संगणक बघतो आणि त्या तारखेपुढे खूण करतो. कॉल आला नाही की आठवणीचा एसएमएस जातो, आणि आरोग्य कर्मचाऱ्याला पडद्यावर दिसतं की या घरचा आजचा चौकोन रिकामा आहे.

या व्यवस्थेचं नाव 99डॉट्स. बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियामध्ये बिल थीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली. साध्यात साध्या, बटणांच्या फोनवरही चालावी ही त्यातली मेख. ना अॅप, ना इंटरनेट, ना वाचता येण्याची फारशी गरज. मला विचाराल तर, गरिबाच्या हातात आधीपासून असलेली वस्तू आणि त्याला आधीपासून येत असलेली युक्ती यांच्यावर उभी राहिलेली इतकी हुशार कल्पना मी क्वचितच पाहिली आहे.

तिची गरज का पडली? साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र, पुढचे चार महिने तीन. रोज एक मात्रा धरली तर 168 मात्रा. गोची अशी की पहिल्या काही आठवड्यांतच ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं. रुग्णाच्या लेखी आजार संपला. फुप्फुसात मात्र मंदगतीचे जंतू दबा धरून असतात. गोळ्या मध्येच सोडल्या की तेच पुन्हा डोकं वर काढतात आणि कधी कधी औषधाला न जुमानणारे होऊन परततात. जगातल्या दर चार टीबी रुग्णांमागे साधारण एक आपल्या देशातला, तेव्हा हा हिशेब लहान नाही.

डॉट्स ही आधीची पद्धत 1997 पासून टप्प्याटप्प्यानं देशभर लागू झाली. आठवड्यातून तीन दिवस केंद्रावर जायचं आणि कर्मचाऱ्यासमोर गोळ्या गिळायच्या. रोजंदारीवरच्या माणसाचा त्यात अर्धा दिवस जायचा. पुढे उपचार रोजचे करायचे ठरले आणि 2017 पासून ते सगळीकडे लागू झाले. मग प्रश्न आला, रोज कुणी कुणासमोर गोळी गिळायची? एचआयव्ही आणि टीबी दोन्ही असलेल्यांसाठी रोजच्या गोळ्या आधीच सुरू झाल्या होत्या. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रांमधून 2015 च्या सुमारास ही पाकिटं वाटली जाऊ लागली, तमिळनाडूत आणि आपल्या महाराष्ट्रातही.

इथे मला थोडं मागे जावंसं वाटतं, कारण ही गोष्ट चेन्नईत घडावी यात मौज आहे. शहराच्या मधोमध चेटपेट नावाचा भाग आहे. गणिती रामानुजन 1920 साली याच चेटपेटमध्ये वारला. डॉक्टरांनी त्याला क्षय ठरवला होता. त्या निदानाबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या, ते राहू द्या. क्षय म्हटलं की सॅनेटोरियम, हवापालट, दूध-अंडी आणि विश्रांती असा तो काळ. आपल्याकडे लोक मिरजेला जायचे, मद्रासचे तांबरमला. तांबरम सॅनेटोरियम या नावाचं लोकलचं स्टेशन आजही आहे आणि लोक तिथे रोज निर्विकारपणे चढतात-उतरतात.

त्याच चेटपेटमध्ये 1956 साली एक संशोधन केंद्र निघालं. मद्रास सरकार, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद असे चौघे एकत्र आले होते. वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश डॉक्टर त्याचे पहिले प्रमुख. त्यांनी 193 रुग्ण घेतले. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना त्यांच्याच घरी, दाटीवाटीच्या वस्तीत, तुटपुंज्या जेवणावर. औषधं दोघांना तीच. वर्षभरानं पाहिलं तर घरचे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्या घरातल्या माणसांनाही त्यामुळे जास्त लागण झाली नव्हती. हे निष्कर्ष 1959 साली छापून आले आणि जगभरच्या सॅनेटोरियमांची घरघर सुरू झाली. ते केंद्र आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखलं जातं.

पण रुग्ण घरी म्हटल्यावर गोळीही घरी, आणि घरी बघणारं कोण? फॉक्स यांनी हा प्रश्न तेव्हाच ओळखला होता. गोळ्या आपल्या आपण घेणं ही काय अडचण आहे यावर त्यांनी 1958 साली स्वतंत्र लेख लिहिला. केंद्राची माणसं न सांगता घरी जायची, उरलेल्या गोळ्या मोजायची आणि लघवी तपासायची. डब्यातून गोळी नाहीशी झाली म्हणजे ती पोटात गेली असं नाही, हे मद्रासमध्ये तेव्हाच पक्कं ठाऊक होतं.

आता मिस्ड कॉलकडे या. कॉल आला, याचा अर्थ झाप फाटला. त्यापुढचं फोनला दिसत नाही. चेटपेटच्या याच संस्थेच्या डॉ. बीना थॉमस आणि अमेरिकेतले डॉ. रामनाथ सुब्बरामन यांच्या गटानं मग तोच जुना उपाय काढला. चेन्नई आणि मुंबईतल्या रुग्णांच्या घरी ते न कळवता गेले, लघवीचा नमुना घेतला आणि त्यात आयसोनियाझिड या औषधाचा अंश आहे का ते पाहिलं. 2020 साली हे काम प्रसिद्ध झालं. फोनची नोंद आणि बाटलीतली लघवी यांचं पुरेसं जमत नव्हतं. कित्येक जण गोळी घेत होते पण कॉल देत नव्हते. काहींच्या नावावर मात्रेची खूण होती आणि लघवीत औषध नव्हतं. त्यात भर म्हणजे कॉल आला नाही तर कर्मचारी स्वतःहून "घेतली" अशी नोंद भरू शकत, त्यानं हिशेब आणखी सैल झाला.

लोक कॉल का देत नव्हते? अक्काकडे पाहिलं तरी कळतं. फोन मुलाचा. तो पहाटेच ऑटो घेऊन बाहेर पडणार, रात्री उशिरा येणार. अक्का गोळ्या सकाळी घेणार, कॉल रात्री, तोही मुलाला आठवलं तर. कुठे रेंज नाही, कुठे हिरवं बटण कोणतं हेच माहीत नाही. काहींना ते भलंमोठं पाकीटच नको व्हायचं, ते घरात ठेवलं की चार डोळ्यांना दिसतं. एचआयव्ही असलेल्याला तर "टीबीच्या ऑफिसातून बोलतोय" असा फोन घरच्या फोनवर येणं म्हणजे पोटात गोळाच.

चीनमध्येही एक मोठी चाचणी झाली होती, 2015 साली प्रसिद्ध झालेली. तिथे नुसत्या एसएमएसनं काही साधलं नाही. वेळ झाली की आवाज करणाऱ्या आणि उघडल्याची नोंद ठेवणाऱ्या औषधाच्या डबीनं मात्र चुकलेल्या मात्रा कमी झाल्या. मला वाटतं एसएमएसचं आपल्याकडेही तेच. बँकेचा, रिचार्जचा, लॉटरीचा आणि गोळीचा संदेश एकाच रांगेत येतो आणि एकाच अंगठ्यानं उडवला जातो. शिवाय अक्काला तो वाचता कुठे येत होता?

तरीही ही युक्ती मोडीत काढावी असं मी म्हणणार नाही. आलेल्या कॉलपेक्षा न आलेल्या कॉलची किंमत जास्त आहे, फक्त तो न आलेला कॉल कुणीतरी बघायला हवा. पडद्यावर रिकामे चौकोन दिसतात; त्या घरापर्यंत चालत जाणारं माणूस असलं तर त्यांचा उपयोग. थॉमस-सुब्बरामन यांच्या गटाच्या अभ्यासात काही रुग्ण म्हणाले होते की कॉल चुकल्यावर कुणी फोन करून विचारलं तेव्हा आपली कुणाला तरी काळजी आहे असं वाटलं. उलट, पडद्यावर सगळं दिसतंय म्हणून घरी जाणंच कमी झालं, तर यंत्रामुळे माणूस घटला असं व्हायचं.

अक्काचे एकदा सलग चार दिवस कॉल चुकले. भावाच्या गावी कुणी वारलं म्हणून ती गेली होती. पाकीट बरोबर नेलं, फोन मुलाकडे राहिला. पाचव्या दिवशी ती परत कोपऱ्यावर बसली आणि दुपारी आरोग्य कर्मचारी बाई आल्या, स्कूटरवरून, घामाघूम होऊन. मी तिथेच उभा होतो. बाई जरा रागातच होत्या. अक्कानं पाकीट पुढे केलं. चार दिवसांचे चारही झाप फाटलेले. बाईंचं समाधान होईना. मग अक्कानं आवाज खाली आणून, पण मला ऐकू जाईल इतपत, सांगितलं की लघवी अजून नारिंगीच होते, हवं तर बाटली आणून देते. रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध घेतलं की ती तशीच होते, हे टीबीच्या प्रत्येक रुग्णाला डॉक्टरांच्या आधी कळलेलं असतं. बाई हसल्या. मोबाइल काढून त्यांनी ते चार दिवस आपल्या हातानं भरले. संशोधक नेमक्या याच नोंदींवर नाराज होते, हे मला फार नंतर कळलं.

जाताना त्यांनी एक मुळम मोगरा मागितला. अक्कानं हात लांब करून मोजला, वर आणखी वीतभर सोडला आणि तोडला. बांगड्या मनगटापाशीच होत्या.