अंगणात पडलेले वटवाघूळ

गेल्या चैत्रात दिवेलागणीला युनियनच्या कचेरीच्या अंगणात एक वटवाघूळ पडलेले दिसले. "काका, हे रक्त पितं!" म्हणत पोरे केरसुणी घेऊन धावली. आम्ही आडवे गेलो. ती सवय जुनीच. रक्त पिणाऱ्या जाती मध्य व दक्षिण अमेरिकेकडच्या. तरी उघड्या हाताने आम्ही शिवलो नाही. चावले वा ओरखडले तर रेबीजची लस घ्यावीच लागते. बॅटरीच्या उजेडात पाहिले: तोंड कुत्र्यासारखे, डोळे मोठे, कानांना पांढरी कड, आणि अंगठ्याखेरीज दुसऱ्या बोटालाही नख. म्हणजे फळे खाणारे. किडे खाणाऱ्यांच्या त्या बोटाला नख नसते. सपाट जमिनीवरून त्याला सहजी उडता येत नाही. गोणपाटात धरून आम्ही ते आंब्याच्या फांदीला लावले. तासाभराने पाहतो तो फांदी रिकामी.