हंगामी पास : उलट्या उचलीचा व्यवहार

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गासाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



बुलढाणा जिल्ह्यात 'हंगाम' हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे खरीप उभा राहतो. मृगाचा पाऊस, सोयाबीनची पेरणी, दिवाळीच्या सुमारास मळणीयंत्राची धूळ आणि त्यानंतर कापूस वेचणाऱ्या बायांची शेतातली रांग. परंतु याच जिल्ह्यातील शाळकरी मुलांच्या तोंडी आता 'सीझन' हा शब्द निराळ्याच अर्थाने रुळला आहे. मोबाईलवरील खेळाचा चालू हंगाम किती दिवसांनी संपणार आणि पासवरची किती बक्षिसे अजून मिळवायची राहिली, याचा चोख हिशेब खामगाव-मेहकरकडची मुलेही सांगू शकतात. हा हिशेब कार्यकर्त्यांना समजला पाहिजे. 'पोरे बिघडली' असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण ज्या व्यवहारात अल्पवयीन मुलाचे कष्ट, त्याच्या घरचा पैसा आणि सातासमुद्रापलीकडच्या कंपनीचा नफा एकत्र येतात, तो व्यवहार समाजवादी कार्यकर्त्याच्या अभ्यासाबाहेर कसा राहील?

प्रथम खेळाविषयी. एपिक गेम्स या अमेरिकन कंपनीचा 'फोर्टनाइट' २०१७ साली आला. त्याच कंपनीने प्लास्टिकच्या ठोकळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेन्मार्कच्या लेगो कंपनीबरोबर ७ डिसेंबर २०२३ रोजी 'लेगो फोर्टनाइट' सुरू केला. यातील मुख्य खेळात मारामारीपेक्षा जगणे आणि बांधणे महत्त्वाचे. मूल एका ओसाड जगात उतरते. लाकूड तोडायचे, दगड फोडायचे, रात्रीच्या थंडीपासून निवारा उभारायचा, भूक भागवायची, आणि हळूहळू गाव वसवायचे. आठ जणांपर्यंत मुले एकाच जगात मिळून राबू शकतात. खेळ म्हणून यात वाईट काही नाही. उलट, घर कसे उभे राहते, साठा कसा करायचा, कोणी काय आणायचे हे मुले आपसात ठरवतात, आणि कित्येक ग्रामसभांना जमत नाही इतक्या समजुतीने ठरवतात.

आक्षेप आहे तो या खेळावर चढवलेल्या पासावर. पासाची पद्धत समजायला कठीण नाही. खेळ फुकट मिळतो. साधारण दहा-बारा आठवड्यांचा एक हंगाम ठरतो. त्या हंगामाची एक शिडी असते. फोर्टनाइटमध्ये ती कित्येक हंगाम शंभर पायऱ्यांची होती. खेळत राहिले, रोजची आणि आठवड्याची नेमून दिलेली कामे पुरी केली, की गुण जमतात आणि पायरी चढता येते. प्रत्येक पायरीवर काही ना काही बक्षीस : नवा पोशाख, नाचाची ढब, कुऱ्हाडीचे नवे रूप. लेगो फोर्टनाइटसाठी २०२४च्या मे महिन्यात 'स्टार वॉर्स' चित्रपटांशी जोडलेला असाच स्वतंत्र पास आला. काही बक्षिसे सर्वांना खुली असतात; बाकीची दिसतात सर्वांना, पण मिळतात पैसे भरणाऱ्यालाच. आणि पैसे भरूनही ती लगेच हाती पडत नाहीत. ती खेळून कमवावी लागतात. हंगाम संपेपर्यंत शिडी पुरी झाली नाही, तर भरलेले पैसे परत नाहीत आणि राहिलेली बक्षिसेही नाहीत.

येथे एका जुन्या शब्दाची आठवण होणे अपरिहार्य आहे. शेजारच्या मराठवाड्यातील ऊसतोड कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून 'उचल' घेतो आणि मग कोयता चालवून ती फेडतो. या उचलीने किती कुटुंबांना बांधून टाकले हे येथे सांगायला नको. तरीही तिथे पैसा आधी मजुराच्या हातात येतो. हंगामी पासात दिशा उलटी झाली आहे. येथे राबणाराच मालकाला आधी उचल देतो, आणि दिलेली उचल वाया जाऊ नये म्हणून हंगामभर राबतो. एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात उशिरा का होईना, शेतकऱ्याला चुकारा मिळत असे. या शिडीच्या टोकाला चुकारा नाही. मिळालेला पोशाख विकता येत नाही, कोणाला देता येत नाही. कंपनीच्या अटींप्रमाणे तो खेळाडूच्या मालकीचाही नसतो, त्याला केवळ वापराची परवानगी असते.

अर्थात ही तुलना फार ताणू नये. ऊसतोडीच्या फडावर जन्मणाऱ्या मुलाचे दुःख आणि पायरी हुकलेल्या मुलाची हळहळ एका तराजूत घालणे हा फडावरच्या मुलाचा अपमान होईल. खेळणारे मूल फोन खाली ठेवू शकते. परंतु ते ठेवत का नाही, याचे उत्तर व्यवहाराच्या या रचनेतच सापडते. पास घेण्यापूर्वी मूल आवडीने खेळते. पास घेतल्यावर 'आज खेळलो नाही तर पैसे बुडतील' ही टोचणी लागते. आवडीचा खेळ नेमून दिलेल्या कामात बदलतो, आणि या कामाचा मुकादम मुलाच्या मनातच बसवलेला असतो.

कंपन्यांची हिशेबी हुशारीही पाहण्यासारखी आहे. फोर्टनाइटमध्ये बहुतेक वस्तूंची किंमत रुपयांत किंवा डॉलरांत दाखवत नाहीत. 'व्ही-बक्स' नावाचे खेळातलेच चलन आधी विकत घ्यावे लागते. पासाची किंमत कित्येक वर्षे ९५० व्ही-बक्स होती, आणि चलनाचा नेहमीचा लहान गठ्ठा १,००० चा. म्हणजे खिशात ५० उरणार. त्यात फारसे काही येत नाही, पण टाकवतही नाहीत. त्याहून खुबीची गोष्ट अशी की, पूर्ण शिडी चढणाऱ्याला त्या शिडीवर भरल्यापेक्षा अधिक व्ही-बक्स परत मिळत. म्हणजे कसून खेळणाऱ्याला पुढच्या हंगामाचा पास जणू फुकट. बियाणे घरचेच निघाले की शेतकरी पुढच्या पेरणीला मोकळा होतो. येथे मात्र त्याच बियाण्याने खेळाडू पुढच्या हंगामाला बांधला जातो.

असे खेळ भारी यंत्रावर नीट चालतात, आणि भारी यंत्र गरिबाच्या घरी नसते. म्हणून हा प्रश्न शहरातल्या सुखवस्तू घरांचा आहे, असे कोणी समजू नये. स्वस्त फोनवर चालणाऱ्या 'फ्री फायर मॅक्स' आणि 'बीजीएमआय' या तगून राहण्याच्या खेळांतही हंगामी पासांची हीच रचना आहे. पब्जी मोबाईलवर केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये आणि फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली. पब्जीच्या जागी जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये अडवला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. फ्री फायरचे मॅक्स हे भावंड तर बंदीनंतरही चालूच राहिले. या बंद्यांचे कारण देशाची सुरक्षितता हे होते. मुलाच्या खिशाचा विचार त्यात नव्हता, आणि म्हणूनच नाव बदलून तोच पास परत आला.

बीजीएमआय आला तेव्हा कंपनीने अल्पवयीनांसाठी स्वतःहून मर्यादा जाहीर केल्या होत्या : दिवसाला तीन तास खेळ आणि दिवसाला ७,००० रुपये खर्च. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षासाठी ठरलेली मजुरी होती दिवसाला ३१२ रुपये. मुलाने एका दिवसात खर्चावी अशी जी मर्यादा कंपनीला जबाबदारीची वाटली, ती रक्कम मिळवायला त्या मुलाच्या आईला बावीस दिवस माती उपसूनही थोडी कमीच पडली असती. १९७२च्या दुष्काळातील लढ्यांतून वाढलेल्या आणि १९७७ साली कायद्यात उतरलेल्या रोजगार हमीचा वारसा सांगणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवावेत.

या व्यवहाराच्या समर्थकांचे एक म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे. खेळ फुकट द्यायचा तर तो चालवायला पैसा कुठून तरी आला पाहिजे. ऐपत असणाऱ्याने पोशाखासाठी पैसे दिले आणि इतर फुकट खेळले, तर बिघडले काय? पोशाखाने खेळात जास्त ताकद मिळत नाही, हेही फोर्टनाइटपुरते खरे आहे. हे सारे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. पैसे भरून घेतलेल्या पासाला मुदत कशासाठी? तंत्राची ती गरज नाही. २०२१ साली आलेल्या 'हेलो इन्फिनिट' या खेळाच्या विकत घेतलेल्या पासांना मुदत ठेवली नव्हती. खेळाडूने सवडीने, हव्या त्या वर्षी ते पुरे करावेत. २०२४च्या 'हेलडायव्हर्स २' नेही तेच केले. हंगामी पासाचा आरंभ बहुधा जिथे मोजला जातो त्या 'डोटा २' मध्ये, २०१३च्या जागतिक स्पर्धेनिमित्त विकलेल्या पुस्तिकेपासून ही प्रथा वाढत गेली. तिच्या निर्मात्या व्हॉल्व्ह कंपनीने २०२३ मध्ये स्वतःच स्पर्धेच्या त्या भव्य पासाकडे पाठ फिरवली. एपिकनेही ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले की, पासातील वस्तू दीड वर्षानंतर दुकानात पुन्हा येऊ शकतील. म्हणजे 'आता नाही तर कधीच नाही' हा धाक म्हणजे कुणीतरी टेबलाशी बसून घेतलेला निर्णय आहे, आणि घेतलेला निर्णय बदलायला भाग पाडता येते.

भाग पाडल्याची उदाहरणेही आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने एपिककडून ५२ कोटी डॉलर भरण्याची तडजोड मान्य करून घेतली. त्यातील २७.५ कोटी मुलांच्या खासगीपणाच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल, आणि २४.५ कोटी ग्राहकांना परत देण्यासाठी. कारण बटणांची मांडणी अशी होती की नको असलेली खरेदी एका चुकीच्या स्पर्शाने होऊन जाई. बँकेकडे तक्रार करणाऱ्यांची खाती कंपनीने बंद केली, असाही आयोगाचा आरोप होता.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा केंद्रीय कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी आणली, ते योग्यच झाले. त्या जुगाराने किती तरुणांना बुडवले हे सर्वांनी पाहिले आहे. परंतु वर्गणी घेऊन चालणारे, पण पैज नसलेले खेळ त्या बंदीच्या बाहेर आहेत, आणि हंगामी पास नेमका त्या बाहेरच्या बाजूला उभा आहे. तरी हत्यारे अगदीच नाहीत असे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांची यादी प्रसिद्ध केली. 'खोटी घाई' हा त्यातील एक प्रकार आहे. मुदतीचा पास त्यात बसतो की नाही, हे प्राधिकरणाकडून वदवून घेण्यासाठी तक्रारी गेल्या पाहिजेत. दुसरे, १८७२च्या करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्रच नाही. बापाच्या फोनवरून मुलाने घेतलेल्या पासाबाबत हा मुद्दा मांडायलाच हवा.

आता गावपातळीवरचे काम. फोन हिसकावून घेण्याची मोहीम काढू नये; मुले खेळ लपवतील आणि खर्चही लपवतील. १९४१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर संध्याकाळचा खेळ होता, आणि त्याला ना पास होता ना शेवटची तारीख. आज किती गावांत मुलांसाठी मोकळे मैदान आणि उघडे वाचनालय आहे, हे विचारल्याशिवाय मुलांना दोष देण्याचा अधिकार कार्यकर्त्याला पोचत नाही. मुलांना एकत्र बसवून त्यांच्याकडूनच एका हंगामाचा ताळेबंद वहीवर मांडून घ्यावा : किती रुपये भरले, किती तास गेले, त्यातले किती आवडीने आणि किती केवळ पायरीसाठी, शेवटी हाती काय आले. मुले हा हिशेब प्रौढांपेक्षा प्रामाणिकपणे करतात, कारण शेवटच्या आठवड्यातला कंटाळा त्यांनी स्वतः सोसलेला असतो.

ज्या घरी न सांगता पैसे गेले असतील, तेथे बँकेचा संदेश, खरेदीची पावती आणि पासाच्या पडद्याचे छायाचित्र जपून ठेवायला सांगावे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवायला मदत करावी. तक्रारीत खेळाचे नाव, भरलेली रक्कम आणि मुलाचे वय लिहावे. पास संपण्याची जी तारीख पडद्यावर दाखवली होती तीही न विसरता लिहावी. तक्रारीचा सगळा रोख त्या तारखेवरच आहे.