उभी गाडी आणि महसुलाची वसुली

(नाटे येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘वाहन आणि कायदा’ असा छापलेला आहे. परंतु १९१४ च्या पहिल्या मोटार कायद्यापासून आरंभ केला, तर १९३९ च्या कायद्यापर्यंत पोहोचतानाच आजची सायंकाळ सरेल. आणि तो इतिहास आपणांपैकी पुष्कळांस परिचित आहे. म्हणून मी एकच प्रश्न घेतो. रस्त्याच्या कडेस, कोणासही अडथळा न करता उभ्या असलेल्या आपल्या गाडीवर दुसऱ्याचे वाहन येऊन आदळले आणि त्या वाहनाचा विमाच उतरविलेला नसला, तर आपले नुकसान भरून मिळते काय? ‘विमा नाही, म्हणजे पैसे नाहीत’ हे उत्तर आपल्याकडे इतक्या सहजपणे दिले जाते, की ज्याचे नुकसान झाले तोही मान डोलावून घरी जातो. हे उत्तर चुकीचे आहे, एवढे सांगण्यासाठीच मी येथे उभा आहे.

विमा म्हणजे दायित्व नव्हे. दायित्व आधी असते. ते आपल्याऐवजी कंपनीने उचलावे अशी जी व्यवस्था आपण हप्ता भरून करतो, तिला विमा म्हणतात. आपल्या देशात त्रयस्थाच्या हानीचा विमा सक्तीचा झाला तो १ जुलै १९४६ पासून. त्यापूर्वी मोटारी धावत होत्या, आदळत होत्या, आणि न्यायालये निष्काळजी चालकाच्या मालकास भरपाई द्यावयास लावीतच होती. तेव्हा आज ज्याने विमा उतरविला नाही, त्याने स्वतःला १९४६ पूर्वीच्या स्थितीत नेऊन ठेवले आहे. सर्व रक्कम त्याने आपल्या पदरची द्यावयाची. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाचा भंग झाला म्हणून पहिल्या गुन्ह्यास दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, होऊ शकते ते वेगळेच. हा दंड सरकारजमा होतो, आपल्या गाडीच्या चेपलेल्या दारास त्यातून एक पैसाही मिळत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या.

मग मागावयाचे कोठे? मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हे नाव ऐकताच आपल्या मनात मृत्यू, अपंगत्व आणि शोकाकुल कुटुंब उभे राहते. ही न्यायाधिकरणे १९५६ च्या दुरुस्तीने आली तेव्हा ती माणसांच्या प्राणहानीसाठी व शारीरिक इजेसाठीच होती, हे खरे; परंतु १९६९ च्या दुरुस्तीने त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसानही त्यांच्या कक्षेत आले आणि १९८८ च्या कायद्याच्या १६५ व्या कलमात ते कायम आहे. कोणाच्या अंगास ओरखडाही न उमटता केवळ गाडीचे नुकसान झाले, तरी मालकास अर्ज करता येतो. मालमत्तेची मागणी दोन हजारांहून अधिक असेल तर दिवाणी न्यायालयात जाण्याचा पर्याय १९३९ च्या कायद्यात होता, १९८८ च्या कायद्यात तो राहिला नाही.

यात आपला तोटा नाही, आणि त्याचे कारण म्हणजे १७४ वे कलम. दिवाणी दाव्याची गती आपणांस ठाऊकच आहे. हुकूमनामा मिळाला की हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणींना खरा आरंभ होतो, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच म्हणून ठेवले आहे. दरखास्त दाखल करा, ऋणकोची मालमत्ता शोधा, जप्तीचा वॉरंट काढा, बेलिफाबरोबर जा. याउलट न्यायाधिकरणाच्या निवाड्याची रक्कम थकली तर आपण अर्ज करावयाचा, न्यायाधिकरणाने जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रमाणपत्र पाठवावयाचे, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावयाची! ज्या मार्गाने सरकार स्वतःचा सारा वसूल करते, तोच मार्ग कायद्याने आपल्या चेपलेल्या गाडीसाठी मोकळा केला आहे. मागणीची नोटीस, जंगमाची अटकावणी व विक्री, स्थावराची जप्ती, हे सर्व १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आहे. दिवाणी न्यायालयाच्या समन्सास जो माणूस वर्षानुवर्षे दाद देत नाही, तोच माणूस कलमबागेच्या सातबाऱ्यावर बोजा चढणार असे कळताच राजापूरला तहसील कचेरीत हजर होतो. (हशा) आपण हसलात, कारण आपणांस हे अनुभवाने ठाऊक आहे.

येथे एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दिलेल्या वेळाच्या मानाने ती लांबेल, परंतु तिच्यात आपल्या तालुक्याचा स्वभाव आहे. काही वर्षांपूर्वी गणपतीसाठी मुंबईहून एक गृहस्थ आपल्या गावी आले. गावाचे नाव मी घेत नाही. चतुर्थीच्याच रात्री वाडीत जाखडीचा नाच रंगला होता आणि त्यांची गाडी घराच्या गडग्यालगत, रस्त्याबाहेर उभी होती. चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक उतारावर मागे घेताना थेट तिच्यावर गेला. दोन दारे आणि मधला खांब आत गेला. ट्रकचा विमा केव्हाच संपलेला. ट्रक एकाच्या नावावर, चालविणारा दुसऱ्याचा नोकर, आणि विकत घेणाऱ्याने कागद अजून आपल्या नावावर केलेले नव्हते. गावकर आणि मानकरी जमले. कोणी कोणाच्या अंगावर गेले नाही, आवाजही चढला नाही. घेणाऱ्याने सर्वांदेखत चूक मान्य केली, देवापुढे नारळ ठेवला आणि शब्द दिला की, पावसात खाण बंद होती, आता चार पैसे हाती येतील, शिमग्याला पालखी घरी येण्यापूर्वी सर्व रक्कम देतो. गृहस्थांनी तो शब्द मानला. मीही तो अप्रामाणिक होता असे म्हणणार नाही. त्या हंगामात चिऱ्याला उठाव नव्हता, दुसरे काही नाही.

शिमगा आला, पालखी नाचली, पैसे आले नाहीत, आणि ते गृहस्थ माझ्याकडे कागद घेऊन आले. आता पंचांग पाहा. भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून फाल्गुनी पौर्णिमेपर्यंत, मध्ये अधिकमास नसता, सुमारे १८८ दिवस होतात. आणि १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीप्रमाणे न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची मुदत आहे अपघातापासून सहा महिने. म्हणजे ‘गणपतीतले शिमग्याला’ हा जो आपल्या कोकणातील सर्वांत सभ्य आणि सर्वांत रूढ वायदा आहे, तो पाळला जाण्याच्या चार-सहा दिवस आधीच मुदत सरलेली असते! शिवाय देवापुढे नारळ ठेवलेल्या माणसास न्यायालयात ओढणे त्यांच्या मनासही येईना. गाडी त्यांनी पदरच्या खर्चाने दुरुस्त केली.

या मुदतीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, आणि तो निर्णय होईपर्यंत केवळ विलंबाच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. पण अंतरिम आदेशाच्या आसऱ्यावर कोणी बसू नये. शब्द जरूर घ्या, आणि अर्जही करा. अर्ज करणे म्हणजे वैर करणे नव्हे. ‘शिमग्याला देतो’ हीच तडजोड न्यायाधिकरणापुढे किंवा लोकअदालतीत लिहून घेतली, तर गावचा सलोखा राहतो आणि शब्दास निवाड्याचे बळ मिळते.

(या वेळी श्रोत्यांतील एका वाहनमालकांनी, चाकरमानी मंडळी वळणावर, अंधारात गाड्या लावतात, त्याचे काय, असा प्रश्न केला.)

आपला प्रश्न रास्त आहे, आणि त्यातील रोषही मी समजू शकतो. इतरांना धोका होईल अशा स्थितीत वाहन उभे करणे हा १२२ व्या कलमाचा भंग आहे, आणि तसे सिद्ध झाले तर उभ्या गाडीच्या मालकाचाही दोष धरून भरपाई त्या प्रमाणात कमी होते. मी सर्व उभ्या गाड्यांचा कैवार घेत नाही. पण गडग्यालगत रस्त्याबाहेर उभ्या असलेल्या गाडीने कोणास धडक दिली, असे आपणही म्हणणार नाही. आणि ट्रकधारकांनाच माझे कळकळीचे सांगणे आहे, की विकलेले वाहन दप्तरी आपल्या नावावर ठेवू नका. नोंदणीत ज्याचे नाव, तोच मालक धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगितले आहे. त्या चिऱ्यांच्या ट्रकचा खटला चालला असता, तर ट्रक विकून निवांत बसलेला माणूस अडकला असता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले झटपट सांगतो. धडक बसताच दोन्ही वाहने न हलविता छायाचित्रे घ्या, दुसऱ्या वाहनाची पाटी त्यात येऊ द्या, आणि ‘एमपरिवहन’ ॲपवर त्या क्रमांकाचा विमा चालू आहे की नाही हे तेथेच पाहा. सागरी पोलीस ठाण्यात खबर द्या. त्रयस्थाच्या मालमत्तेची हानी झाली असता चालकाने स्वतः चोवीस तासांच्या आत खबर द्यावी असे १३४ वे कलम सांगते, पण त्याच्यावर विसंबू नका. पंचनामा झाला तर प्रत मागा. ते वाहन पोलिसांनी अडकवून ठेवलेले असेल, तर ते सोडण्यास हरकत नोंदवा. विमा नसलेले अपघाती वाहन पुरेसे तारण घेतल्याविना सोडू नये आणि तीन महिन्यांत तारण न आल्यास त्याचा लिलाव करावा, असा नियम राज्यांनी करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सांगितलेले आहे. आपला सर्वसमावेशक विमा असेल तर आपली कंपनी पैसे देईल आणि तिला त्या चालकाकडून वसुलीचा हक्क मिळेल. पण सक्तीची वजावट आपल्या माथी येते आणि पाच निर्धोक वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत गेलेला नो क्लेम बोनसही जातो. धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनासाठी सरकारी योजना आहे, मृत्यूस दोन लक्ष, गंभीर दुखापतीस पन्नास हजार. गाडीसाठी त्यात काही नाही. म्हणून पाटीचा क्रमांक टिपणे हे पहिले काम.

एसटीविषयी कोणी विचारले. कलम १४६ प्रमाणे अशा संस्थांना स्वतःचा निधी ठेवून विम्यातून सूट मिळू शकते; त्यामुळे बसला विमापत्र नसले तरी घाबरू नका, महामंडळास प्रतिवादी करा. आणि मुंबईकरांनी रत्नागिरीच्या खेपांचे भय धरू नये. अर्जदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडेही अर्ज चालतो. अर्जाचा नमुना मी मराठीत करून आणला आहे आणि तो ग्रंथपालांच्या मेजावर ठेवला आहे. ज्याच्या गाडीवर गेल्या गणपतीपासून आजपर्यंत असा प्रसंग आला असेल, त्याने तो आजच घेऊन जावा, आणि काही अडले तर मी सकाळच्या गाडीपर्यंत गावातच आहे.