इरईच्या खडकावरचे ओरखडे



उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो अशा चंद्रपुरात प्राचीन हिमचादरींवर परिषद भरते आहे, याचं इथं अनेकांना नवल वाटलं. पण ही परिषद इथंच व्हावी, असं मला फार दिवस वाटत होतं.

ओडिशातल्या तालचीरचा दगडगोट्यांचा थर बर्फानं वाहून आणला असावा, असं भूशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी १८५६ साली मांडलं. उष्ण प्रदेशात बर्फ? पुष्कळांना ते पटेना. पुढं १८७२ मध्ये भूशास्त्रज्ञ फेडन यांना पैनगंगेच्या खोऱ्यात इरईजवळ (इरई नदी नव्हे, इरई गाव) घासून गुळगुळीत झालेला चुनखडक सापडला. त्यावर समांतर ओरखडे होते आणि त्यावरच्या, तालचीरसारख्याच थरातले गोटेही तसेच ओरखडलेले.

नदी गोट्याला गोल करते. त्याला सपाट पैलू पाडून वर रेघा ओढणं, हे सरकत्या बर्फाचं काम. ओरखड्यांवरून बर्फ कोणत्या रेषेत सरकला ते समजतं. कोणत्या टोकाकडे, हे ठरवायला उंचवट्याची घासलेली बाजू आणि फुटलेली बाजू शोधावी लागते. आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. खडकाला गोठून चिकटलेला बर्फ त्याला असा घासत नाही. म्हणजे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी इथं हिमचादरीच्या तळाशी ओल होती, ती घसरत होती! अंटार्क्टिकात हाच तळ काही ठिकाणी चार किलोमीटर बर्फाखाली आहे. आमच्याकडे तो उघड्यावर आहे.

आमचा जिल्हा ज्या कोळशावर जगतो, त्याचे थर याच तालचीर थराच्या वर आहेत. आणि त्या साऱ्या खडकांना, पुढं एका अख्ख्या महाखंडाला, ज्या गोंड लोकांच्या मुलखावरून नाव मिळालं, त्यांच्या एका राजघराण्याची जुनी राजधानी म्हणजे हे शहर.

उद्या पहाटे आपण इरईला जाऊ. तिरप्या उन्हात ओरखडे ठळक दिसतात, म्हणून उशीर करू नका. हातोडे कृपया बसमध्येच ठेवा; हा खडक पुन्हा घडणारा नाही. आणि गावातली मुलं भोवती जमली, तर त्यांचा हात धरून एका रेघेवरून बोट फिरवायला लावा.