तिकीट पाठवणाऱ्याचं पत्र चारचौघांत वाचा



पत्रिकेत विषय छापलाय, ‘अनोळखी माणसाच्या खर्चानं परदेशी जावं का?’ माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. त्याचं पत्र चारचौघांत मोठ्यानं वाचता येत असेल, तर जाण्याचा विचार करावा. ‘कोणाला सांगू नका’ असं तो म्हणाला, तर तिथंच थांबावं. पुढचा तासभर मी फिरून फिरून इथंच येणार आहे. (हशा)

डोंगरावरच्या बाबा फरीदांची आणि थट्टेखोर व्यापाऱ्यांच्या मालाचे गोटे झाल्याची गोष्ट गिरडकरांना मी काय सांगणार? तिला इथूनच नमस्कार करून सेवाग्रामकडे वळतो.

गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले, हे आपल्या जिल्ह्यातलं शाळकरी पोरही सांगेल. त्याच्या त्रेचाळीस वर्षं आधी त्यांना परक्याच्या खर्चानं परदेशी जाण्याचं बोलावणं आलं होतं. साल १८९३. वय तेवीस. बॅरिस्टर झालेले, पण वकिली चालत नव्हती. पोरबंदरच्या एका मेमन पेढीचा दक्षिण आफ्रिकेत मोठा व्यापार होता आणि चाळीस हजार पौंडांचा दावा कोर्टात चालू होता. तिकडच्या वकिलांना मदत करायला माणूस हवा होता.

आता बारकाईनं ऐका. निरोप आला तो थोरल्या भावाकडे. म्हणजे घराला ठाऊक. मग पेढीचे भागीदार शेठ अब्दुल करीम झवेरी यांच्याशी समोरासमोर बोलणं झालं. गांधीजींनी विचारलं, काम किती दिवसांचं, आणि मोबदला काय? उत्तर मिळालं, वर्षाच्या आतलं काम, पहिल्या वर्गाचं जाण्यायेण्याचं भाडं, एकशे पाच पौंड, राहणं-खाणं पेढीकडे. ‘येण्याचं’ भाडं लक्षात ठेवा. परत येण्याचं भाडं पहिल्याच बैठकीत ठरलं. दावा कोणता, पेढी कोणाची, पैसा कशासाठी, सगळं उजेडात. पेढीनं शब्द पाळला. जे ठरावात नव्हतं, ते पीटरमॅरित्झबर्गच्या फलाटावर कळलं. गोऱ्यांच्या राज्यात काळ्या माणसाला पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवतात, हे कुठलीही पेढी लिहून देत नाही. म्हणून पत्र ऐकायला तिकडे राहून आलेला एखादा माणूस हवा, असं मी म्हणतो.

तिथंच, नाताळ वसाहतीत, त्यांना गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर भेटले. त्यांचाही प्रवासखर्च दुसऱ्यानंच केला होता. १८६० मध्ये मद्रासहून पहिलं जहाज गेलं. पाच वर्षांचा करार, कागद रीतसर, खाली अंगठा. कागद नव्हता असं नाही! तो गावात कोणी वाचून दाखवला नव्हता. आरकाटी, म्हणजे भरतीचा दलाल, माणसाला बाजारात, देवळापाशी एकटा गाठायचा. १८९४ मध्ये बालसुंदरम नावाचा गिरमिटिया फाटक्या कपड्यांनी, दात पडलेल्या रक्ताळ तोंडानं गांधीजींच्या कचेरीत आला. करार होता, म्हणून मालकाला सोडून जाण्याची सोय नव्हती. याविरुद्ध आपले गोपाळ कृष्ण गोखले कायदेमंडळात उभे राहिले. १९१० च्या त्यांच्या ठरावानंतर नाताळची भरती थांबवायचं ठरलं, १९१२ चा सगळीकडची भरती बंद करण्याचा ठराव मात्र फेटाळला गेला. गोखल्यांची ती भाषणं कॉलेजात का शिकवत नाहीत...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पंधरा मिनिटं उरलीत. बरं, आजकाल काय चाललंय ते भराभर सांगतो.

२०१९ मध्ये मुंबईच्या एका जोडप्याला कतारची सहल भेट मिळाली. देणारी नात्यातलीच बाई. दोहाच्या विमानतळावर सामानात चार किलोवर चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली, बाळ तुरुंगात जन्मलं, २०२१ मध्ये निर्दोष सुटका झाली. २०२३ मध्ये मुंबईच्या एका अभिनेत्रीला ऑडिशनच्या नावाखाली शारजाला पाठवलं, हातात दिलेल्या ट्रॉफीत अमली पदार्थ. तेव्हा अनोळखी-ओळखीचा हा भेद मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. दुसऱ्याचं पुडकं न्यायचं नाही, मग तो मामा असो की मंत्री.

आणि बँकॉकची नोकरी. डेटा एंट्री, तिकीट पाठवतो, इंटरव्ह्यू फोनवर. तिथून पोराला गाडीत घालून म्यानमारच्या म्यावड्डीत नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि फोनवरून लोकांना लुबाडायला बसवतात. मार्च २०२५ मध्ये भारताच्या हवाई दलानं तिकडून सुटलेल्या ५४९ जणांना थायलंडमार्गे आणलं.

मागच्या रांगेतून कोणी विचारलं, “मंग आमच्या पोट्ट्यायनं बाहेर जाच नाही का?” भाऊ, असं मी म्हटलेलं नाही, आणि हे माझ्या तोंडी घालू नका. समुद्रपूर तालुक्यातल्या पोरानं दुबईत क्रेन चालवावी, जर्मनीत रुग्णसेवा करावी, मला आनंदच आहे. सोयाबीनचा भाव पाहून घरी बसलेल्या पोराला ‘जाऊ नको’ म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण बैलजोडी घेताना आपण चार माणसं नेतो, दात पाहतो, चालवून बघतो. पोराला विमानात बसवताना एकट्याच्या मोबाइलवर विश्वास का?

कायदा आहे. १९८३ चा उत्प्रवास कायदा. परदेशी नोकरीची भरती करणाऱ्या एजंटाकडे सरकारी नोंदणी हवी, ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर नावानिशी तपासता येते. त्याची फी तीस हजार आणि त्यावरचा जीएसटी, त्याहून जास्त मागणारा नियम मोडतो. दहावी न झालेल्यांना अठरा देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची परवानगी लागते, दहा लाखांचा विमा काढावा लागतो. आणि ‘आता पर्यटक व्हिसावर चला, तिकडे बदलून देऊ’ म्हणणारा तुम्हाला या सगळ्या संरक्षणाबाहेर काढतोय. कामाचा व्हिसा हातात येईपर्यंत पाऊल उचलू नका.

दोनच मिनिटं. माझी मागणी अशी आहे, की परदेशचं बोलावणं आलेल्या घरानं ते पत्र ग्रामसभेत वाचावं. पगार, मालकाचं नाव, पत्ता, परतीचं भाडं, पासपोर्ट कोणाकडे राहणार, सगळं. लाज वाटेल, भाऊबंद जळतील, हे मलाही कळतं. एका ताईंनी आत्ता हळूच विचारलं, की मुलीचं पत्र असेल तर? गाव काय बोलेल? ताई, मग महिला ग्रामसभेत वाचा, तीही आपल्याकडे भरते. तिथंही नको वाटलं, तर शाळेतल्या बाई, आशाताई आणि तिकडे राहून आलेलं कोणी, अशा तिघांसमोर वाचा. पण वाचा. सरपंचसाहेब समोरच बसलेत. येत्या २६ जानेवारीच्या सभेत हा विषय घ्यावा असा अर्ज मी लिहून आणलाय, तो खाली उतरताच त्यांच्या हाती देतो. ज्यांच्या खिशात आज असं पत्र असेल, त्यांनी प्रश्नोत्तरांत पुढं यावं, आपण इथंच ते ओळीनं वाचू.