मेणवलीची घंटा

(धर्मग्रामाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाईला गेलात तर मेणवलीचा घाट जरूर पाहा. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेत उतरणाऱ्या पायऱ्या, मेणवलेश्वराचे देऊळ, आणि शेजारी एका लहानशा दगडी इमारतीत टांगलेली मोठी घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया आहे आणि १७०७ हे साल कोरलेले आहे.

ही चर्चची घंटा आपल्या साताऱ्यात आली ती वसईहून. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली. तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आणल्या गेल्या आणि देवळांना वाहिल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि भीमाशंकरलाही अशा घंटा आहेत.

वसईच्या किल्ल्यात संत जोसेफ चर्चचा उंच मनोरा अजून उभा आहे. आत वर जाणारा चिंचोळा जिना आहे, जाड दगडी भिंती आहेत, कमानी आहेत. छत मात्र नाही. जवळच्याच एका जुन्या चर्चची दुरुस्ती झाली, तिथे पुन्हा मिस्सा होतो. किल्ल्याबाहेरच्या गावांची गोष्ट वेगळी. नंदाखालचा धर्मग्राम १५७३ चा. पोर्तुगीज निघून गेले, पण शेतकरी, कोळी तिथेच राहिले. स्थानिक धर्मगुरूंनी त्यांना सांभाळले. चर्च टिकले ते या माणसांमुळे.

मला काहीजण विचारतात, ‘फादर, ती घंटा आपण परत मागायला नको का?’ मी म्हणतो, नको. मेणवलीकरांनी ती वितळवली नाही, मरियेची आकृती घासून काढली नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपली. त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

आपली काळजी दुसरी असावी. घंटेचे काम हाक देण्याचे. आपल्या डोंगरांतल्या कातकरी वस्त्यांवर अशी मुले आहेत, ज्यांच्या कानांवर शाळेची घंटासुद्धा धड पडत नाही. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला निघतात. मूल बरोबर जाते. पावसाच्या तोंडावर परत येते, तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. दोन-तीन वर्षे असे झाले की शाळा सुटतेच.

म्हणून माझी विनंती साधी आहे. या हंगामात एका मुलाला मागे राहून शिकता यावे, एवढा त्याच्या जेवणाचा आणि राहण्याचा भार प्रत्येक कुटुंबाने उचलावा. एका घराला जमत नसेल तर दोन घरांनी मिळून उचलावा. त्या मुलाचा देव कोणता, हे आपण विचारणार नाही. ते सकाळी वर्गात बसलेले असावे, इतकेच.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.