पेसमेकरला दम कळतो कसा?

(वडोदरा येथे गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आरतीची वेळ होत आली आहे, तेव्हा आम्ही फार लांबण लावणार नाही. आम्ही पेसमेकर तपासणारी माणसं. आजी-आजोबांचा एक प्रश्न आम्हाला नेहमी ऐकावा लागतो : "मशीन बसवलं, मग पावागढच्या पायऱ्यांवर दम का लागतो?"

१९५८ साली स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. तो एकाच गतीने ठोके देणारा होता. झोपा नाहीतर जिना चढा, ठोके तेवढेच. निरोगी हृदयात सायनस नोड गरजेप्रमाणे गती वाढवतो. तो नोडच थकला असेल, तर श्रम ओळखायचं काम पेसमेकरवर येतं.

बहुतेक पेसमेकर शरीराची हालचाल ओळखतात. ते चटकन जागे होतात. पण हालचाल म्हणजे श्रम नव्हे. पायऱ्या उतरताना अंगाला धक्के जास्त बसतात, म्हणून चढण्यापेक्षा उतरतानाच ठोके वाढतात! खड्ड्यांतून रिक्षा गेली तरी त्यांना वाटतं, स्वारी चालायला निघाली.

काही पेसमेकर श्वासही मोजतात. हवेतून वीज सहज जात नाही. छाती हवेनं भरली की विजेला होणारा विरोध वाढतो, श्वास सोडला की घटतो. पेसमेकर आपली डबी आणि हृदयातली तार यांच्यामध्ये अतिसूक्ष्म प्रवाह सोडून हा चढउतार मोजतो. प्रवाह इतका क्षीण की हृदयाला पत्ताही लागत नाही. श्वास किती खोल आणि मिनिटाला किती, यावरून गती ठरते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेतो. चढावर तीच तीस-चाळीस लिटर होते. मात्र धाप वाढायला वेळ लागतो, म्हणून हा सेन्सर सुरुवातीला जरा मागे राहतो. अशा मशीनमध्ये बहुधा दोन्ही सेन्सर जोडीनं काम करतात.

सेन्सर किती तत्पर ठेवायचा, हे बाहेरून, चीरफाड न करता बदलता येतं. तेव्हा "आता वयच झालं" म्हणून गप्प बसू नका. किती पायऱ्यांनंतर दम लागतो ते तपासणीत सांगा. दमाची इतर कारणंही तिथेच पाहता येतात.

आता महत्त्वाचं. दवाखान्यातले काही मॉनिटरही छातीवरच्या पट्ट्यांतून असाच प्रवाह सोडून श्वास मोजतात. पेसमेकरला तो श्वासच वाटू शकतो. मग पेशंट निवांत पडलेला, आणि ठोके एकशेवीसवर! कारण ध्यानात आलं नाही, तर नको ती औषधं सुरू होण्याचा धोका असतो. ऑपरेशनमध्ये विजेनं रक्तस्राव थांबवतात, तेव्हाही हा घोटाळा होऊ शकतो. म्हणून पेसमेकरचं कार्ड पाकिटात ठेवा, घरच्यांनाही दाखवून ठेवा. कोणत्याही ऑपरेशनआधी, अगदी दुसऱ्या गावच्या दवाखान्यातसुद्धा, श्वासाचा सेन्सर आहे का आणि तो तात्पुरता बंद करायचा का, हे विचारून घ्या. आणि घरी जाण्याआधी तो पुन्हा चालू केला ना, हेही विचारा.